मायक्रोकंट्रोलरमधील एडीसीची सदोष मापने : कारणे व निदान

प्रस्तावना

पदवी स्तरावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पांत तापमापकाइतका लोकप्रिय विषय क्वचितच आढळतो. एलएम ३५ हा तीन पायांचा संवेदक, आर्डुइनो उनो हा बोर्ड आणि एक लहानसा एलसीडी पडदा एवढ्या सामग्रीत हा प्रकल्प पूर्ण होतो. पडद्यावर ३१.७ अंश सेल्सिअस असा आकडा उमटतो; शेजारी ठेवलेला प्रयोगशाळेतील तापमापक मात्र ३० अंश दाखवीत असतो. अशा वेळी सर्वसाधारणपणे योजला जाणारा उपाय म्हणजे प्रोग्रॅममधील उत्तरातून १.७ वजा करणे. दोन्ही आकडे जुळतात, प्रकल्प सादर होतो आणि गुणही मिळतात.

हाच तापमापक लस साठविण्याच्या पेटीत बसविला, असे क्षणभर मानावे. लसीकरण कार्यक्रमातील बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत ठेवाव्या लागतात. तापमान ८ अंशांच्या वर जाताच घंटा वाजावी, अशी योजना प्रोग्रॅममध्ये केलेली आहे. पेटीतील प्रत्यक्ष तापमान ९ अंश होते, परंतु पडद्यावर ७.६ हा आकडा येतो आणि घंटा वाजत नाही. ३० अंशांना तंतोतंत जुळविलेले उपकरण ९ अंशांना दगा देते, याचे कारण १.७ वजा करताना चूक दुरुस्त झालेली नसून केवळ झाकली गेलेली असते.

ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजेच एडीसी, चुकीचे आकडे देत असल्याची तक्रार जेथे होते, त्यांपैकी बहुसंख्य प्रसंगी एडीसी स्वतः निर्दोष असतो. दोष असतो तो त्याला तुलनेसाठी दिलेल्या विद्युतदाबात किंवा संकेत त्याच्यापर्यंत ज्या मार्गाने येतो त्या मार्गात. प्रत्येक दोष आपली विशिष्ट खूण मागे ठेवतो. ती खूण ओळखण्याची रीत प्रस्तुत लेखात विशद केली आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरचा आधार घेतला आहे; कारण २०१० मध्ये आलेल्या आर्डुइनो उनोमुळे तो महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सर्वाधिक परिचित झालेला आहे.

एडीसी नेमके काय सांगतो?

एटीमेगा ३२८पीमधील एडीसी १० बिटांचा असून तो सक्सेसिव्ह ॲप्रॉक्सिमेशन या पद्धतीने कार्य करतो. सराफ तराजूत प्रथम मोठे वजन टाकतो, जड झाले तर काढतो, हलके वाटले तर ठेवतो आणि मग त्याच्या निम्म्याचे वजन घेतो. तसाच हा प्रकार आहे. दहा वजने टाकून झाली की ० ते १०२३ यांमधील एक अंक मिळतो. मात्र ही सर्व वजने एकाच संदर्भ विद्युतदाबाचे भाग असतात. त्यामुळे येणारा अंक हा व्होल्टमधील विद्युतदाब नसून येणाऱ्या विद्युतदाबाचे संदर्भ विद्युतदाबाशी असलेले गुणोत्तर असते : अंक म्हणजे येणारा विद्युतदाब गुणिले १०२४, भागिले संदर्भ विद्युतदाब. तराजू कितीही चोख असला, तरी वजनेच खोटी असतील तर सोन्याचे माप खोटेच निघणार.

या सूत्रात १०२४ ने भागावे की १०२३ ने, यावर विद्यार्थ्यांत तावातावाने चर्चा होते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात १०२४ हाच अंक दिलेला आहे. परंतु या दोहोंतील फरक हजारात एक एवढाच असतो. आणि ज्या टेबलावर ही चर्चा रंगते, त्याच टेबलावरील बोर्डाचा संदर्भ विद्युतदाब पुष्कळदा शंभरात सहाने चुकलेला असतो.

संदर्भ विद्युतदाब : पहिला संशयित

आर्डुइनो उनोवर काहीही न बदलल्यास संदर्भ म्हणून बोर्डाचा पुरवठा विद्युतदाबच वापरला जातो. प्रोग्रॅममध्ये तो निःशंकपणे ५ व्होल्ट असा लिहिला जातो. प्रत्यक्षात यूएसबी २.० च्या मानकानुसार संगणकाच्या पोर्टवरच तो ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यांमध्ये कोठेही असू शकतो. पुढे केबलमधील रोध आणि बोर्डावरील फ्यूज यांत आणखी घट होते. आर्डुइनो नॅनोसारख्या बोर्डावर यूएसबीच्या मार्गात शॉट्की डायोड असल्यामुळे ४.७ व्होल्टच्या आसपास पुरवठा मिळणे ही नित्याची बाब आहे.

आता आरंभीच्या उदाहरणाचा हिशेब करता येईल. एलएम ३५ प्रत्येक अंश सेल्सिअसमागे १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. पुरवठा ४.७ व्होल्ट असल्यास एडीसी ६५ हा अंक देईल. प्रोग्रॅम ५ व्होल्ट गृहीत धरीत असल्याने तो या अंकाचे ३१७ मिलिव्होल्ट, म्हणजे ३१.७ अंश करील. ९ अंशांना ९० मिलिव्होल्ट येतील, एडीसी १९ हा अंक देईल आणि प्रोग्रॅम ९.३ अंश काढील. चूक ३० अंशांना १.७ आहे, तर ९ अंशांना जेमतेम ०.३. ही चूक स्थिर नाही. ती मूल्याच्या प्रमाणात वाढणारी आहे. म्हणूनच १.७ वजा केल्यावर ९.३ चे ७.६ होतात. तोच बोर्ड अचूक ५ व्होल्ट देणाऱ्या ॲडॅप्टरवर लावल्यास ३० अंशांना २८ दिसू लागतात आणि मग 'काल तर बरोबर चालत होते' हे वाक्य ऐकू येते.

मूल्याच्या प्रमाणात वाढणारी चूक दिसली की संदर्भ विद्युतदाबावर संशय घ्यावा, हा पहिला नियम होय. तो पडताळण्यासाठी एडीसीची पिन ५ व्होल्टला जोडून १०२३ येतात का, हे पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु तिचा उपयोग शून्य. पुरवठा हाच संदर्भ असेल, तर पुरवठ्याची पुरवठ्याशी तुलना करून नेहमी १०२३ च येणार, मग तो ५ व्होल्ट असो वा ४.५. त्याऐवजी उनोवरील ३.३ व्होल्टची पिन एडीसीला जोडावी. पुरवठा खरोखर ५ व्होल्ट असेल तर सुमारे ६७५ आणि ४.७ व्होल्ट असेल तर सुमारे ७१८ हा अंक येतो. ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरलाही स्वतःची थोडी सूट असते, तरीही एवढा मोठा फरक लपत नाही.

या दोषावरील उपाय प्रोग्रॅममध्ये नसून संदर्भ बदलण्यात आहे. एटीमेगा ३२८पीमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ उपलब्ध असून तो पुरवठ्याच्या चढउतारांवर जवळजवळ अवलंबून नसतो. त्याच्या वापराने दुहेरी लाभ होतो. ५ व्होल्टच्या संदर्भावर एक अंक म्हणजे ४.८८ मिलिव्होल्ट, अर्थात जवळजवळ अर्धा अंश, १.१ व्होल्टच्या संदर्भावर तोच एक अंक १.०७ मिलिव्होल्टचा, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाइतका होतो. मात्र हा अंतर्गत संदर्भ प्रत्येक चिपमध्ये बरोबर १.१ व्होल्टच असतो असे नाही. माहितीपत्रकानुसार तो १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान असू शकतो. तो निवडल्यावर एरेफ या पिनवर उपलब्ध होतो. तेथे मल्टिमीटर लावून त्याचे खरे मूल्य एकदा मोजावे व तेच प्रोग्रॅममध्ये लिहावे. ५ वरून १.१ व्होल्टवर येताना एरेफवरील कपॅसिटर रिकामा होण्यास काही मिलिसेकंद लागतात, म्हणून संदर्भ बदलल्यानंतरची पहिली काही मापने सोडून द्यावीत. एरेफला बाहेरून विद्युतदाब जोडलेला असताना अंतर्गत संदर्भ निवडणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात दोन्ही स्रोत परस्परांवर आदळतात आणि चिप निकामी होऊ शकते.

सर्वच संवेदकांना अचूक संदर्भ लागतो, असे मात्र नाही. पोटेन्शिओमीटर किंवा थर्मिस्टरचा विभाजक त्याच पुरवठ्यावर चालत असेल, तर पुरवठा घसरला की संकेत व संदर्भ दोन्ही सारख्याच प्रमाणात घसरतात आणि गुणोत्तर कायम राहते. त्यामुळे एकाच बोर्डावर पोटेन्शिओमीटरचे मापन स्थिर आणि एलएम ३५ चे चुकलेले आढळले, तर निदान जवळजवळ झालेच असे समजावे.

मूळ अंक पाहण्याची सवय

यापुढील कोणत्याही चाचणीपूर्वी एक पथ्य पाळावे : तापमान किंवा व्होल्ट न छापता एडीसीचा मूळ अंक छापावा. अनेकदा दोष केवळ अंकगणिताचा असतो. उनोवर पूर्णांक १६ बिटांचा असल्याने त्यात ३२७६७ पर्यंतचीच संख्या मावते. एडीसीच्या अंकाला ५००० ने गुणून मग १०२४ ने भागण्याची रीत अनेक प्रोग्रॅममध्ये आढळते. परंतु अंक ७ झाला की गुणाकार ३५००० होतो, मर्यादा ओलांडली जाते आणि उत्तर ऋण येते. येथे दोष एडीसीचाही नाही आणि तारांचाही नाही. त्याचप्रमाणे त्या पिनवरील अंतर्गत पुल-अप रोध चुकून चालू राहिला, तर २० ते ५० किलोओहमचा एक आगंतुक रोध विभाजकात शिरतो आणि सर्व मापने वर सरकतात.

स्रोताचा रोध आणि शेजारच्या चॅनेलची सावली

सहा ॲनालॉग पिना असल्या तरी चिपमध्ये एडीसी एकच असतो. तो एकेका पिनेशी आळीपाळीने जोडला जातो आणि मापनापूर्वी येणारा विद्युतदाब एका लहान कपॅसिटरमध्ये क्षणभर साठविला जातो. एटीमेगा ३२८पीमध्ये या कपॅसिटरचे मूल्य १४ पिकोफॅरड आहे. उनोवर एडीसीचे घड्याळ १२५ किलोहर्ट्झचे असते आणि साठवणीसाठी त्याची दीड आवर्तने, म्हणजे १२ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्या अवधीत कपॅसिटर पूर्ण भरावयास हवा. माहितीपत्रक म्हणूनच १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत सुचविते.

बॅटरीचा प्रवाह वाया जाऊ नये या सद्हेतूने अनेक जण १२ व्होल्टची बॅटरी मोजण्यासाठी १ मेगाओहम व ४७० किलोओहम यांचा विभाजक बांधतात. एडीसीच्या दृष्टीने हा स्रोत सुमारे ३२० किलोओहमचा ठरतो. त्याचा कालस्थिरांक साडेचार मायक्रोसेकंद असल्याने १२ मायक्रोसेकंदांनंतरही आधीच्या व आताच्या विद्युतदाबांतील फरकाचा सुमारे ७ टक्के भाग शिल्लक राहू शकतो. आधीचे मापन ०.३ व्होल्ट देणाऱ्या एलएम ३५ चे असेल, तर ढोबळ हिशेबाने पिनवर पाव व्होल्ट आणि बॅटरीच्या मापनात पाऊण व्होल्ट कमी दिसू शकतात. शिवाय पिनमधून होणारी गळती कमाल १ मायक्रोॲम्पिअर असू शकते. ही सर्वाधिक वाईट परिस्थिती झाली. परंतु ३२० किलोओहमवर एवढ्या गळतीने ०.३२ व्होल्टची चूक संभवते.

या दोषाची खूण स्पष्ट असते. शेजारच्या चॅनेलचा विद्युतदाब बदलला की मोजल्या जाणाऱ्या चॅनेलचा अंकही त्याच दिशेने थोडा सरकतो. एकाच चॅनेलचे सलग दोनदा मापन केल्यास दुसरे मापन सत्याच्या अधिक जवळ येते. पहिले मापन टाकून देणे हा तात्पुरता उपाय. पिन आणि ग्राउंड यांदरम्यान १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावणे हा खरा उपाय. तो आतील कपॅसिटरच्या सात हजार पटींहून मोठा असल्याने त्याला क्षणात भरून टाकतो आणि स्वतः रेसभरही हलत नाही. बॅटरीसारख्या संथ संकेतासाठी हे उत्तम. गळतीची चूक मात्र त्याने जात नाही, त्यासाठी विभाजकाचे रोधच कमी करावे लागतात.

हाच उपाय एलएम ३५ ला आंधळेपणाने लावल्यास मात्र रोगापेक्षा औषध भयंकर ठरते. कोणतीही विशेष योजना न करता एलएम ३५ केवळ ५० पिकोफॅरडचा भार पेलू शकतो. त्याच्या निर्गमावर थेट १०० नॅनोफॅरड जोडल्यास तो आंदोलने करू लागण्याचा संभव असतो. संवेदक व कपॅसिटर यांच्यामध्ये २ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की हा धोका टळतो. लांब शील्डेड केबलची स्वतःची धारकताही ५० पिकोफॅरडची मर्यादा सहज ओलांडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

ग्राउंड : सर्वांत दुर्लक्षित तार

आकृतीत ग्राउंडचे चिन्ह सर्वत्र सारखेच असते आणि त्यामुळे ते सर्वत्र शून्य व्होल्टवर आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ब्रेडबोर्डचे संपर्क व बारीक तारा यांत ०.१ ओहमचा रोध सहज असतो. संवेदकाच्या ग्राउंडच्याच तारेतून रिले, पंखा किंवा पडद्याच्या दिव्याचा २०० मिलिॲम्पिअर प्रवाह परत जात असेल, तर त्या तारेवर २० मिलिव्होल्टचा उतार पडतो. एलएम ३५ च्या भाषेत हे २ अंश झाले. रिले चालू होताच तापमान एकदम दोन अंशांनी उडी मारते आणि रिले बंद होताच परत येते. तापमान नियंत्रकात याचा परिणाम विचित्र होतो : रिलेमुळे आकडा बदलतो आणि आकड्यामुळे रिले बदलतो, उपकरण खटखट वाजत राहते.

निदान सोपे आहे. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक संवेदकाच्या ग्राउंड पायावर व दुसरे मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड पिनवर लावावे आणि भार चालू-बंद करावा. आकडा हलला तर गुन्हेगार सापडला. संवेदकाची ग्राउंड तार स्वतंत्रपणे मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडपर्यंत नेणे आणि भारांचा प्रवाह थेट पुरवठ्याकडे वळविणे, एवढेच पुरेसे होते.

येथे मल्टिमीटरविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. मल्टिमीटरच्या पोटातही एडीसीच असतो आणि त्यालाही संदर्भ विद्युतदाब लागतो. स्वस्त मल्टिमीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो अनेकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. प्रयोगशाळेतील सर्व बोर्ड एकाच दिवशी 'बिघडले', तर आधी मल्टिमीटरची बॅटरी बदलून पाहावी.

नाचणारे आकडे आणि सरासरीची मर्यादा

आतापर्यंतचे दोष मापन एका बाजूला सरकविणारे होते. आकडा सतत खालीवर नाचत असेल, तर प्रश्न गोंगाटाचा असतो आणि तेथे सरासरी खरोखर उपयुक्त ठरते. परंतु सरासरीने संदर्भाची किंवा ग्राउंडची चूक तसूभरही कमी होत नाही. उलट चुकीचा आकडा स्थिर व म्हणून विश्वासार्ह भासू लागतो.

सरासरी कशी घ्यावी, यालाही महत्त्व आहे. भारतात विजेच्या पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने संवेदकाच्या तारांत शिरणारी घरघर दर २० मिलिसेकंदांनी पुनरावृत्त होते. २ मिलिसेकंदांच्या अंतराने १० मापने घेतल्यास एक पूर्ण आवर्तन व्यापले जाते आणि ही घरघर बहुतांशी नाहीशी होते. तीच १० मापने सलग घेतल्यास ती जेमतेम १ मिलिसेकंदात आटोपतात. मग लाटेच्या शिखरावरची सरासरी शिखराइतकीच येते.

दर सेकंदाला एकच मापन घेणाऱ्या प्रकल्पांत याहून फसवा प्रकार घडतो. वारंवारता ४९.९५ हर्ट्झ असल्यास प्रत्येक मापन लाटेच्या किंचित वेगळ्या ठिकाणी पडते आणि आलेखात २० सेकंदांची एक सुबक लाट उमटते. खोलीचे तापमान तसे हेलकावे घेत नसते. मापनाचा कालावधी थोडा बदलून पाहावा : लाटेची लांबी बदलली तर ती लाट खोलीतील नव्हे, मापनातील आहे.

घड्याळाचा वेग हा आणखी एक विषय. पूर्ण १० बिटांच्या अचूकतेसाठी एडीसीचे घड्याळ ५० ते २०० किलोहर्ट्झ असावे, अशी अट आहे. जलद मापनासाठी ते १ मेगाहर्ट्झवर नेल्यास शेवटचे एकदोन बिट भरवशाचे राहत नाहीत. घाई नसेल तर उलट दिशेने जावे : मापन चालू असताना प्रोसेसर थांबविणारी निद्रावस्था या चिपमध्ये खास गोंगाट कमी करण्यासाठीच दिलेली आहे.

चिपचा स्वतःचा दोष

वरील सर्व तपासून झाल्यावरच चिपकडे बोट दाखवावे. एटीमेगा ३२८पीची एकूण अचूकता माहितीपत्रकात २ अंकांची दिली आहे. ५ व्होल्टच्या संदर्भावर हे सुमारे १० मिलिव्होल्ट होतात. त्याहून सूक्ष्म अपेक्षा त्याच्याकडून करणेच गैर आहे.

काही चिपांत मात्र दोष खरोखर आत असतो. ईएसपी ३२ मधील १२ बिटांचा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा चालतो आणि त्याचा अंतर्गत संदर्भ चिपनुसार १.० ते १.२ व्होल्टपर्यंत बदलतो. त्याच्या दुसऱ्या एडीसीच्या पिना वाय-फाय चालू असताना विसंबण्याजोग्या राहत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोवरील आरपी २०४० या चिपमध्ये ५१२, १५३६, २५६० व ३५८४ या अंकांच्या आसपास पायऱ्या असमान आहेत, हे उत्पादकानेच दोषपत्रकात मान्य केले आहे. २०२४ मधील आरपी २३५० मध्ये तो दोष दूर करण्यात आला. वक्राकार चूक किंवा ठरावीक अंकांवरच अडखळणारा आलेख ही अशा दोषांची खूण. ती पाहण्यासाठी एकदोन बिंदू पुरत नाहीत. पोटेन्शिओमीटरने विद्युतदाब हळूहळू वाढवीत संपूर्ण पट्टा तपासावा लागतो.

अंशशोधन, आणि उरलेली चूक

अंशशोधनाची पायरी सर्वांत शेवटी येते. किमान दोन बिंदूंवर, वापराच्या मर्यादेच्या दोन्ही टोकांजवळ, मापन करून उतार व स्थिरांक दोन्ही काढावेत आणि चिपमधील १ किलोबाइटच्या ईईप्रॉममध्ये साठवावेत. म्हणजे प्रत्येक बोर्डाला स्वतःचे मूल्य मिळते.

लसीच्या पेटीत १.१ व्होल्टचा मोजून घेतलेला संदर्भ, वेगळी ग्राउंड तार आणि २० मिलिसेकंदांवर पसरलेली सरासरी एवढे केल्यावर ९ अंशांना ८.९ दिसतात व घंटा वाजते. वरची मर्यादा अशी सांभाळली जाते. खालच्या मर्यादेसाठी बर्फाच्या पाण्यात संवेदक बुडवून शून्य अंश तपासावयास गेल्यास आकडा पुन्हा जुळत नाही. या वेळी एडीसी, संदर्भ आणि ग्राउंड तिन्ही बरोबर असतात. एलएम ३५ ला केवळ धन पुरवठा देऊन साध्या जोडणीत वापरल्यास त्याचे मापन २ अंशांपासूनच पुढे ग्राह्य असते. त्याखाली त्याचा निर्गम विद्युतदाब शून्यापर्यंत पोहोचू शकत नाही. हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंटसारख्या लसींना उष्णतेइतकाच गोठण्याचाही धोका असतो, आणि गोठण्याची सूचना या जोडणीतून कधीच मिळणार नाही. तेथे टीएमपी ३६ सारखा संवेदक घ्यावा. तो शून्य अंशालाच ५०० मिलिव्होल्ट देतो आणि उणे ४० अंशांपर्यंत मोजतो. १.१ व्होल्टच्या संदर्भावर त्याची वरची मर्यादा ६० अंशांची होते, आणि लसीच्या पेटीसाठी ती पुरेशी आहे.